आंब्याच्या बुंध्यावर आणि खुंटावर उगवलेली बुरशी कोणती?

तुम्ही लिहिलंय, जुन्या आंब्याच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर वर, लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत तांबूस बुरशी आली आहे. शेजारच्या तोडलेल्या खुंटावर पांढरे बारके पंखे आहेत. दोन्ही एकच का, आणि खाता येतील का?

एक नाहीत. वरच्या रंगावर जाऊ नका, तो ऊन-पावसाने बदलतो. मोबाईल खाली धरून पोटाकडचा फोटो काढा. खुंटावरच्या पंख्यांना वरून पांढरी लव आणि खाली पात्या असतील, प्रत्येक पात मधून उभी चिरलेली, तर ते शिझोफायलम. उन्हाळ्यात त्या पात्या आत वळतात, पाऊस पडला की पुन्हा उघडतात. तिला मेलेलं लाकूड लागतं, कुजवू द्या. खाली पोळ्यासारखी षटकोनी भोकं दिसली तर हेक्झॅगोनिया समजा.

आंब्याचं मात्र मनावर घ्या. खाली पांढरट पृष्ठ, सुईच्या टोकाएवढी छिद्रं, नखाने ओरखडलं की तपकिरी डाग, आणि आजूबाजूच्या पानांवर कोको पावडरसारखी भुकटी, इतकं जुळलं तर ती गॅनोडर्मा. दिसतं ते तिचं फळ. बुरशीचे धागे लाकडात आणि मुळांत पसरलेले असतात. म्हणून फळ तोडून किंवा वरून औषध फासून काही होत नाही. झाड हिरवंगार राहतं आणि बुंधा आतून पोकळ होत जातो. आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची अशी फळं आम्ही दोन वर्षं तोडून टाकली. तिसऱ्या पावसाळ्यात तो भर पालवीत मुळासकट आडवा झाला. नशीब, खाली कोणी नव्हतं.

लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकून बघा. कुठे ढब्ब आवाज आला आणि झाड घराकडे किंवा रस्त्याकडे झुकलेलं असेल, तर वाट न बघता जाणकाराला दाखवा. आळ्यात पाणी साचू देऊ नका, बुंध्याला कोयता लावू नका.

खाण्याचं म्हणाल, तर गॅनोडर्मा लाकडाइतकी कडक असते, ती खाण्याजोगी नाही. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात जी अळंबी आवडीने खातात ती वारुळावर येते, झाडावर नाही. खुंटावरचं काहीही फोटोवरून ओळखून कढईत टाकू नका. पोटाकडचे फोटो पाठवा, मी बघतो.