फुफ्फुसातला कार्सिनॉइड हृदयात शिरला असेल तर ऑपरेशन होतं का? लगेच करावं का?

काकांच्या फुफ्फुसातल्या कार्सिनॉइडमधून (हार्मोन सोडू शकणारी एक प्रकारची कॅन्सरची गाठ) एसीटीएच, म्हणजे शरीराला कॉर्टिसोल बनवायला लावणारं हार्मोन सुटतंय, गाठ फुफ्फुसाच्या शिरेतून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) शिरलीय आणि घरचे म्हणतायत 'उद्याच्या उद्या काढून टाका', असं तुम्ही लिहिलंय. ऑपरेशन होतं. पण उद्याच्या उद्या नको.

माझ्या नवऱ्याला हेच झालं होतं. चेहरा सुजल्यासारखा गोल, मग शुगर, मग बीपी, आणि पोटॅशियम इतकं खाली की ठाणे स्टेशनच्या जिन्यावर पाय उचलेनात. स्कॅनमध्ये गाठीचं टोक कर्णिकेत दिसलं, त्याच दिवसापासून थोरले भाऊजी सर्जनच्या मागे लागले. एंडोक्राइनच्या (हार्मोनच्या) डॉक्टरबाई म्हणाल्या, हे सगळं कॉर्टिसोल या शरीरातल्या स्टेरॉइडमुळे होतंय, आधी ते खाली आणू. कॉर्टिसोल उतरवायला केटोकोनॅझोल, त्यासाठी लिव्हरच्या तपासण्या, इन्सुलिन, गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं. यात काही आठवडे गेले. मी बाईंच्या बाजूने ठाम राहिले आणि सासरी माझ्याशी बोलणं बंद झालं. भाऊजी आजही चार पाहुण्यांसमोर म्हणतात, "हिने वेळ घालवला." नाही घालवला! कॉर्टिसोल चढलेलं असताना जखम भरत नाही, इन्फेक्शन फोफावतं, रक्ताच्या गुठळ्या होतात. अशा माणसाची छाती उघडून हृदयाला टाके घालायचे?

ऑपरेशन हार्ट-लंग मशीनवर झालं. शिरेतल्या गाठीवर आंधळेपणाने चिमटा लावला आणि तुकडा सुटला, तर तो डाव्या बाजूने थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून कर्णिका उघडून फुफ्फुसाचा खालचा लोब (भाग), शीर आणि कर्णिकेच्या भिंतीचा भाग एकसंध काढला, भोकावर पेरिकार्डियमचा (हृदयावरच्या आवरणाचा) पॅच शिवला. अन्ननलिकेतून इको सतत चालू होता. छातीचा सर्जन आणि हृदयाचा सर्जन एकाच टेबलाशी उभे राहणार नसतील, तर ते हॉस्पिटल कितीही चकाचक असो, तिथे करू नका. आणि एका सर्जनने 'होणार नाही' म्हटलं म्हणून गप्प बसू नका. गाठीच्या तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक परळला टाटात दाखवून घ्या. अशी गाठ शरीरात कुठे पसरलीय ते दाखवणारा डोटाटेट पेट स्कॅनही आधीच करा. गाठ लिव्हरमध्ये किंवा हाडांत पोचली असेल तर सगळा हिशेबच बदलतो.

गाठ निघाल्यावर कॉर्टिसोल एकदम कोसळतं, कारण एरवी एसीटीएच सोडणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी झोपलेली असते. हायड्रोकॉर्टिसोन (गोळीतलं कॉर्टिसोल) कित्येक महिने लागू शकतं. 'आता बरा झालाय, स्टेरॉइड कशाला' म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांचं ऐकून गोळी बंद केलीत तर जीवावर बेतेल.

घाई करणाऱ्या माणसांना एंडोक्राइनच्या ओपीडीत सोबत न्या आणि कॉर्टिसोलचा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या. आमच्या भाऊजींनी तो अजून वाचलेला नाही.

हे सगळं टिपिकल, म्हणजे हळू वाढणाऱ्या कार्सिनॉइडबद्दल आहे, नवऱ्याचा तोच होता. अटिपिकल जास्त आक्रमक असतो. स्मॉल सेल कॅन्सरही एसीटीएच सोडतो, पण तिथे मुख्य इलाज केमो असतो, सुरी नाही. आणि औषधांनी कॉर्टिसोल उतरतच नसेल तर थांबणंही धोक्याचं, तेव्हा ऑपरेशन कधी करायचं ते सर्जन आणि एंडोक्राइनचे डॉक्टर यांना समोरासमोर बसवून ठरवा.