लेख तिचा नाही, नाव मात्र तिचं

पत्र : मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, आहे. मुलगी इथल्याच कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला. मार्क बरे आहेत. पण दोन वर्षांपासून ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून एक नियतकालिक काढतात. त्यात विद्यार्थ्यांची चित्रं, फोटो आणि त्यांवरचे अभ्यासलेख असतात. तिची स्वतःची तीन चित्रंही आहेत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याचंच काम. आता म्हणते, कारखान्यातले डिझाइनचे जुने ग्राफ आणून द्या, त्यावर लेख करायचाय. मी म्हटलं, रद्दी कशाला हवी? त्यांच्या अंकाला नंबरसुद्धा नाही. ओळखीतल्या एकाने सांगितलं, आयएसएसएन नंबरच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये लेख छापून मिळतो, पुढे नोकरीला धरतात. अडीच हजार भरले. लेख त्यांनीच तयार केला, तिच्या नावाने छापून आला. सर्टिफिकेट दाखवलं तर ती जेवणावरून उठली. पंधरा दिवस बोलत नाही. तिच्या भल्यासाठीच केलं होतं. अंक सोडून एमपीएससीला लाग, असं तुम्ही तिला समजवा.
– एक बाप, सोलापूर

नमस्कार.

एमपीएससीचं आधी उरकते. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे आज तिच्या हातून काही निसटत नाहीये. कलेतच पुढे शिकायचं ठरलं तर पोर्टफोलिओ आणि मुलाखत, डिझाइनकडे वळायचं ठरलं तर सीड (CEED) ही पदव्युत्तर डिझाइनची प्रवेश परीक्षा. हे सगळं पुढच्या वर्षी सावकाश बोलता येईल. मला घोर लागलाय तो त्या अडीच हजारांच्या लेखाचा.

तुम्ही चादरीतले आहात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही दुसरीकडे कुठे तरी विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात येतो, तेव्हा मागावर उभ्या असणाऱ्या माणसाला काय वाटतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या लेकीच्या बाबतीत तुम्ही तेच केलंत. कुणी तरी कुठून तरी जुळवलेल्या मजकुरावर तिच्या नावाचं लेबल लावलंत, आणि तेही तिला न विचारता. तो मजकूर दुसऱ्याच कुणाच्या प्रबंधातून उचललेला असण्याची दाट शक्यता आहे. या धंद्यात बहुतेकदा असंच असतं. उद्या तो मूळ माणूस समोर आला तर उत्तर तुमच्या लेकीला द्यावं लागेल, एजंटाला नाही.

आणि ही मुलगी दोन वर्षं करते काय? अशा अंकाची संपादक रोज हेच तपासत असते की हे काम खरोखर याच विद्यार्थ्याचं आहे का. आलेल्या लेखावरचं नाव काढून तो दोन वाचकांकडे जातो. त्यांचे शेरे येतात, दुरुस्त्या होतात, परत वाचन होतं. चित्रांच्या बाबतीत हे आणखी अवघड, कारण नाव झाकलं तरी वर्गातली मुलं हात ओळखतात. म्हणून वाचक बाहेरच्या कॉलेजातले शोधावे लागतात. चित्रकाराकडून टिपण मागवावं लागतं की हे का केलं, कोणतं माध्यम घेतलं, कुठे फसलं, कुठे पुन्हा सुरुवात केली. ते टिपण नसेल तर तो नुसता चित्रांचा अल्बम होतो, अभ्यासाचं नियतकालिक होत नाही. शिवाय शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचं काम ‘साभार परत’ करायचं, कारण लिहून करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच डब्यातली भाकरी खायची. विशीतल्या पोरीला हे जमत असेल तर मला तिचं फार कौतुक वाटतं. ती जेवणावरून का उठली, हे मला समजलं. तुम्हालाही समजावं, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता त्या नंबराविषयी. तुमच्यासारखे कितीतरी पालक, आणि काही प्राध्यापकसुद्धा, आयएसएसएन म्हणजे सरकारी मान्यता असं धरून चालतात. तो आठ अंकी क्रमांक फक्त नियतकालिकाची ओळख सांगतो. गाडीच्या नंबरप्लेटवरून गाडी कोणती ते कळतं, ड्रायव्हर कसा आहे ते कळत नाही, तसंच. आत काय छापलंय याची कुणी तपासणी केलेली नसते. भारतात हा क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो आणि त्याला फी लागत नाही. म्हणजे तुमच्या लेकीचा गटही रीतसर अर्ज करू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीनेच, 2018 साली आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली होती. पुढे आलेली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर आहे. अशा वेळी पैसे भरून चार दिवसांत छापलेला लेख जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटणं कठीण. मुलाखतीत कुणी तिला त्या लेखातला एक परिच्छेद समजावून सांग म्हटलं, तर ती काय सांगणार?

म्हणून पहिलं काम हे. तिच्यासमोर जा आणि ‘चुकलं’ म्हणा. ‘भल्यासाठी केलं’ हे त्याला जोडू नका, निदान त्या दिवशी तरी नको. मग दोघांनी बसून त्या जर्नलला मेल लिहा : हा लेख मी लिहिलेला नाही, माझ्या संमतीविना छापला आहे, माझ्या नावासह काढून टाका. मेल तिच्या पत्त्यावरून जाऊ दे. ते लोक दाद देतील असं नाही, पैसे तर विसराच, पण मेलची प्रत जपून ठेवा. पुढे कधी प्रश्न निघाला तर तिने वेळीच हरकत घेतली होती, हे तरी दाखवता येईल. ते सर्टिफिकेट तिच्या फायलीत ठेवू नका, तिच्या बायोडाटात त्या लेखाचा उल्लेख नको.

इथून पुढचं तिला वाचायला द्या. बाई गं, तुझ्या बाबांशी मी कडक बोलले, आता तुझी पाळी. स्वतः संपादक असलेल्या अंकात स्वतःची तीन चित्रं घेणं चूक आहे. घ्यायचीच असतील तर त्या अंकाच्या निवडीतून तू बाहेर बस आणि तसं अंकात छाप. नाही तर तुझ्या ‘साभार परत’ला वजन राहणार नाही. दुसरं, प्रत्येकाकडून छापण्याची परवानगी लेखी घे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क साधारणपणे चित्रकाराचाच असतो, त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं. चित्र विकलं तरी तो हक्क आपोआप जात नाही. त्यामुळे ‘वर्गातलाच आहे, चालतं’ हे चालत नाही. रात्री दोनचं जागरण मात्र माझ्या लेखी बिघडलेल्या वाटणीचं लक्षण आहे. कामं वाटलेली नाहीत, सगळं तुझ्याच लॅपटॉपवर आहे, हो ना? दुसऱ्या वर्षातल्या दोघी आत्ताच सोबत घे, सगळ्या फायलींची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेव. ओपन जर्नल सिस्टिम्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लेख आला, कुणाकडे गेला, शेरा काय आला, सगळं त्यात नोंदलं जातं, मग व्हॉट्सॲपवर शोधाशोध करावी लागत नाही. आपल्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिकं निघाली, कितीतरी थोड्याच अंकांत थांबली, तरी मराठी साहित्यात त्यांचं नाव राहिलं. तेव्हा चौथ्या वर्षी तुला वेळ मिळाला नाही आणि अंक वर्षातून एकच निघाला तर रडू नकोस. त्या वर्षी तुझं स्वतःचं काम पहिलं.

बाबा, तुमच्या मनातला खरा प्रश्न पैशांचा आहे आणि तो रास्त आहे. खोटं सांगणार नाही, मराठीत कलासंपादनाच्या पगारी जागा मोजक्या आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचा. पण चित्रप्रदर्शनांचे कॅटलॉग, संग्रहालयांतलं दस्तऐवजीकरण, पुस्तकांची मांडणी, कलेचं अध्यापन या सगळ्या ठिकाणी एक माणूस हमखास लागतो. ज्याला चित्र कळतं, त्याबद्दल नीट वाक्य लिहिता येतं आणि ठरल्या तारखेला काम हातावेगळं करता येतं, असा. नुसतं चित्र काढणाऱ्यांत असे थोडेच असतात. तिला पदवीपर्यंत वेळ द्या. त्यानंतर वर्षभरात कमाईचं काय, हे तिच्याशी आकड्यांत बोला. ती चिडणार नाही, संपादकाला खर्चाचा हिशोब कळतो.

राहिले ते ग्राफ. पत्रात तुम्ही त्यांना रद्दी म्हटलंय. चौकोनी कागदावर एकेक घर रंगवून डिझाइन उतरवायचं, त्यावरून कार्डांना भोकं पाडायची, ती मागावरच्या जॅकार्ड यंत्रावर चढवायची आणि कुठला उभा धागा उचलायचा ते त्या भोकांनी ठरवायचं. हे ज्यांनी केलं त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आता डिझाइनं संगणकावर निघतात, ते कागद पुन्हा तयार होणार नाहीत. तुमची मुलगी तुमच्याच कामावर अभ्यासलेख लिहू पाहतेय आणि तुम्ही तिच्यासाठी बाहेरून लेख विकत आणलात.

मालकांची परवानगी काढा. ग्राफ गुंडाळून न्या, घडी घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, ते कुणी काढलं आणि साधारण कोणत्या साली, ते लिहा. तुम्हाला आठवत नसेल तर जुन्या कारागिरांना विचारा. आणि रविवारी ते तिच्या टेबलावर ठेवून या.