वाचक विचारतात : ब्रिटनमधलं वर्षाचं सभासदत्व वसूल कसं करायचं?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. जुन्या हवेल्या, बागा, किल्ले सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या संस्थांचं किंवा संग्रहालयांचं वर्षाचं सभासदत्व घ्यावं का, आणि घेतल्यावर त्याचा पुरेपूर उपयोग कसा करावा? वर्गणीचे दर दरवर्षी बदलतात. म्हणून उत्तरांत रकमा दिलेल्या नाहीत, हिशोबाची रीत दिली आहे.

प्रश्न : आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. नॅशनल ट्रस्ट घ्यावं की इंग्लिश हेरिटेज? की दोन्ही? (स्लाऊ)

पहिल्या वर्षी एकच घ्या, आणि तुमच्या गावाकडे पाहता ते नॅशनल ट्रस्ट असावं.

कारण नकाशात आहे. लोक स्टोनहेंज, डोव्हर अशी नावं पाहून सभासद होतात. तिथे वर्षातून एकदा जाणं होतं आणि कार्ड पाकिटात पडून राहतं. वर्गणी वसूल होते ती घरापासून पाऊण तासाच्या आतल्या जागांवर, जिथे रविवारी दुपारी जेवण उरकूनसुद्धा दोन तास जाऊन येता येतं. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर नकाशा आहे. त्यात आपला पोस्टकोड घाला आणि पाऊण तासाच्या आत तिकीट लागणाऱ्या जागा किती आहेत ते मोजा. तिकिटाच्याच मोजायच्या, कारण इंग्लिश हेरिटेजच्या 400 हून अधिक ठिकाणांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी कुणालाही मोफत जाता येतं. स्लाऊच्या आसपास नॅशनल ट्रस्टचं पारडं सरळ जड आहे. थेम्सकाठची क्लिव्हडेनची बाग, हाय विकमजवळचं ह्यूएनडन, पॅंगबर्नकडचं बॅसिल्डन पार्क आणि लंडनच्या बाजूला ऑस्टरली आहे. रनीमीडला, म्हणजे 1215 साली मॅग्ना कार्टावर शिक्कामोर्तब झालं त्या कुरणात, तिकीट नाहीच. फक्त पार्किंगचे पैसे पडतात, आणि तेही सभासदांना माफ.

आता हिशोब. तुम्ही दोघं आणि मुलगी अशा तिघांचं एका दिवसाचं तिकीट काढा (पाच वर्षांखालच्या मुलांना ते नसतं) आणि कौटुंबिक वर्गणीला त्याने भागा. मोठी हवेली आणि बाग असलेल्या जागांचा आकडा धरला, तर उत्तर बहुधा तीन ते पाचच्या मध्ये येतं. वर्षात तितक्या फेऱ्या नक्की होणार असतील तर घ्या. पार्किंग या हिशोबात धरू नका, ती वरकमाई समजा. समुद्रकाठी सुट्टीला जाणारं कुटुंब असेल तर ही वरकमाई चांगलीच भरते.

कौटुंबिक सभासदत्वात दोन्ही पालकांची कार्डं वेगळी असतात, त्यामुळे एकाला काम असलं तरी दुसरा मुलांना घेऊन जाऊ शकतो. स्टोनहेंजचा मोह असेल तर तोही इथेच भागतो. ते इंग्लिश हेरिटेज सांभाळतं, पण भोवतालची बरीच जमीन ट्रस्टची असल्याने ट्रस्टच्या सभासदांनाही प्रवेश मोफत आहे. जाण्याची वेळ मात्र आधी ऑनलाइन राखून ठेवा.

हेच उत्तर सगळ्यांना लागू नाही. केंटमध्ये, नॉर्थम्बरलंडमध्ये किंवा कॉव्हेंट्रीच्या आसपास राहणाऱ्यांनी, आणि विशेषतः मुलांना गडकिल्ल्यांचं वेड असेल त्यांनी, इंग्लिश हेरिटेजचा विचार आधी करावा. डोव्हर, केनिलवर्थ, वॉर्कवर्थ हे तिन्ही किल्ले त्यांचे आहेत. तिथे प्रत्येक प्रौढ सभासदाबरोबर कुटुंबातली अठरा वर्षांखालची सहा मुलं मोफत जातात, म्हणजे चुलत-मावस भावंडांची पलटण घेऊन निघालात तरी अडत नाही. दुसऱ्या वर्षी सभासदत्व चालू ठेवलं की वेल्समधल्या कॅडू आणि स्कॉटलंडमधल्या हिस्टॉरिक स्कॉटलंड या अशाच संस्थांच्या जागाही मोफत होतात. पहिल्या वर्षी तिथे निम्मं तिकीट पडतं.

डायरेक्ट डेबिट केलंत तर सभासदत्व दरवर्षी आपोआप नवं होतं. संपण्याच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा, आणि वर्षभरात किती ठिकाणी गेलो ते पाहून ठरवा.

प्रश्न : आम्ही सभासद असूनही समुद्रकाठच्या एका गाडीतळावर दंडाची नोटीस आली. असं का व्हावं? (साउथॅम्प्टन)

बहुधा दोनपैकी एक कारण असतं. पहिलं म्हणजे कार्ड स्कॅन केलं नसणार. ट्रस्टच्या ज्या तळांवर यंत्र आहे, तिथे सभासदाने कार्ड यंत्रासमोर धरून नोंद करायची असते. यंत्राने चिठ्ठी दिली तर ती काचेमागे दिसेल अशी ठेवायची. खिशात कार्ड असणं पुरत नाही. दुसरं, तो तळ ट्रस्टचा नसणार. किनारा ट्रस्टचा आणि गाडीतळ नगरपालिकेचा किंवा खासगी, असं पुष्कळ ठिकाणी आहे. फलकावर ओकच्या पानांचं चिन्ह आहे का ते पाहूनच गाडी लावा.

तळ ट्रस्टचाच असेल तर सभासद क्रमांक आणि त्या दिवशी वैध असलेल्या कार्डाचा फोटो जोडून, नोटिशीवर दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवा. पैसे आधी भरून मग भांडू नका, कारण भरणा म्हणजे दंड मान्य असाच अर्थ घेतला जातो.

इतर काही गोष्टीही वर्गणीत येत नाहीत. ब्राउन्सी बेटाची किंवा फार्न बेटांची बोट, ईस्टरच्या सुट्टीतले मुलांचे शोधखेळ आणि नाताळची रोषणाई यांचे पैसे सभासदांनाही वेगळे पडतात.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. आमच्या कार्डावर ते येऊ शकतात का? आईचे गुडघे दुखतात. (मिल्टन कीन्स)

नाही. कौटुंबिक कार्ड नाव असलेल्या दोन प्रौढांपुरतंच असतं. तुमच्याबरोबर आलेल्या आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढावं लागेल. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा 9 किंवा 16 दिवसांचा पास असतो, पण ते दिवस सलग मोजले जातात. आठवड्याच्या सुट्टीलाच बाहेर पडणाऱ्या घराला तो परवडत नाही. आई-बाबांना घेऊन आठ-पंधरा दिवसांची मोठी फेरी काढणार असाल तरच घ्या.

त्यापेक्षा ज्या जागांना तिकीटच नाही त्या त्यांच्यासाठी राखून ठेवा. लंडनमध्ये हॅम्पस्टेड हीथला लागून असलेलं केनवुड हाउस इंग्लिश हेरिटेजचं आहे आणि मोफत आहे. तिथे चित्रकार रेम्ब्रांने काढलेलं स्वतःचंच चित्र आणि व्हर्मीरने रंगवलेली गिटार वाजवणारी मुलगी, दोन्ही एका फेरीत पाहून होतात. ट्विकनममधलं मार्बल हिलही मोफत. ऑस्टरलीच्या हवेलीला तिकीट आहे, पण भोवतालच्या उद्यानात कुणीही फिरावं.

गुडघ्यांसाठी एक काम आधी करा. ट्रस्टच्या अनेक मोठ्या बागांत बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या वापरायला मिळतात, पण त्या मोजक्याच असतात. दोन-तीन दिवस आधी फोन करून एक राखून ठेवा. त्याच फोनवर विचारून घ्या : गाडीतळापासून दार किती लांब आहे, मधे शटल गाडी आहे का, हवेलीत जिना टाळता येतो का. जुन्या हवेल्यांत वरच्या मजल्याला बहुधा लिफ्ट नसते.

डबा खुशाल न्या. बागेच्या आवारात आणि हिरवळीवर सतरंजी टाकून जेवायला हरकत नसते. हवेलीच्या आत खाणं चालत नाही, आणि गवतावर ठेवून पेटवायच्या शेगड्यांना मनाई असते.

प्रश्न : मुलीची पाठपिशवी काढायला लावली, आत काळोख होता आणि नोव्हेंबरमध्ये गेलो तर अर्ध्या खोल्या बंद! हे सगळं कशासाठी? (केंब्रिज)

वस्तू टिकाव्यात म्हणून, आणि मुलांना हे तिथेच सांगण्यासारखं आहे. रेशीम, भिंतींवरची विणलेली चित्रं आणि जलरंग उजेडाने विटतात. झालेली हानी भरून येत नाही आणि ती साचत जाते. म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश पडू देतात. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात, त्यामुळे आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला दोन-चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ पहिल्या खोलीतच थांबा. पाठीवरची पिशवी वळताना कशाला धडकते ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ती पोटाशी घ्यायची किंवा दारात ठेवायची. बाबागाडीही बहुधा बाहेरच राहते, तेव्हा लहान मूल असेल तर पोटाशी बांधायची झोळी न्या.

हिवाळ्यात झाडलोट, दुरुस्ती आणि कसर लागली आहे का याची तपासणी चालते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी अनेक हवेल्या अंशतः किंवा पूर्ण बंद असतात. बागा मात्र बहुतेक उघड्या असतात आणि अंधार पडायच्या आत बंद होतात.

म्हणून वर्ष बागेच्या चालीने आखा. तुमच्या जवळच्या अँग्लसी ॲबीला हिवाळी बाग आहे आणि फेब्रुवारीत तिथे स्नोड्रॉपची पांढरी फुलं पसरलेली असतात. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला ॲशरिजच्या जंगलात निळी ब्लूबेल फुलते. ती पायाखाली चेंगरली तर पुन्हा नीट उगवायला वर्षं लागतात, म्हणून मुलांना वाटेवरच ठेवा. मे ते जुलै फार्न बेटांवर पफिन हे समुद्रपक्षी असतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्टोरहेड किंवा विंकवर्थला पानं रंगतात. पावसात चालणारे रबरी बूट आणि मोज्यांचा जादा जोड गाडीतच असू द्या. बेत फसतो तो पावसामुळे नाही, ओल्या मोज्यांमुळे.

प्रश्न : लंडनची मोठी संग्रहालयं मोफत आहेत. मग सभासदत्व कशाला? आणि वाघनखं मुलांना कुठे दाखवता येतील? (हाउन्स्लो)

कायमची दालनं पाहण्यासाठी सभासदत्वाची गरज नाही. ते उपयोगी पडतं तिकीट असलेल्या तात्पुरत्या प्रदर्शनांसाठी. तुम्ही वर्षात अशी तीन-चार प्रदर्शनं पाहणार नसाल तर घेऊ नका. मुलांसाठी तर मुळीच नको, कारण ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी पालकांबरोबरच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रदर्शनही मोफत असतं.

त्याऐवजी एकदा काढून वर्षभर चालणारं तिकीट शोधा. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम आणि उत्तरेकडचं बीमिश हे खुलं संग्रहालय ही त्याची उदाहरणं. यामागे गिफ्ट एडचा, म्हणजे करदात्याने दिलेल्या देणगीवर सरकारने संस्थेला भर घालण्याच्या योजनेचा, नियम आहे. प्रवेशशुल्कावर सरकारकडून दर पौंडामागे 25 पेन्स मिळवायचे असतील, तर संस्थेने तिकिटापेक्षा किमान 10 टक्के जास्त देणगी घ्यायची किंवा वर्षभर पुन्हा येण्याचा हक्क द्यायचा. म्हणून खिडकीवर गिफ्ट एडचा चौकोन दिसला की काय मिळतं ते विचारा. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरत नसणाऱ्यांनी, म्हणजे पाहुण्या आई-बाबांनी, त्यावर खूण करू नये.

वाघनखं सध्या लंडनमध्ये शोधू नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आहेत आणि जुलै 2024 मध्ये ती सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. ती महाराजांनीच वापरलेली आहेत असं खात्रीने सांगता येत नाही, अशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची भूमिका आहे. मुलं मोठी असतील तर हेही त्यांना सांगा.

प्रश्न : भारताशी नातं असलेल्या जागा याच सभासदत्वात येतात का? (डर्बी)

येतात, आणि एक तर तुमच्या दाराशीच आहे. केडलस्टन हॉल हे लॉर्ड कर्झनचं घर. ते ट्रस्टकडे आहे. खालच्या मजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही इथलाच. बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय आणि 1904 चा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा आणणारा व्हाइसरॉय एकच होता, हे मुलांशी बोलायला चांगली जागा आहे. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याचा संग्रह आहे आणि त्यात टिपू सुलतानचा तंबू आहे. एका दिवसात दहाच वस्तू निवडा. प्रत्येकीपाशी कुणाची, कशी मिळाली, इथे कशी आली एवढे तीन प्रश्न मुलांना विचारायला लावा. खोल्यांमधले स्वयंसेवक आनंदाने सांगतात.

आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बोर्न हाउसला इंग्लिश हेरिटेजचं कार्ड लागतं. राणी व्हिक्टोरियाच्या या घरातला दरबार हॉल 1890-91 चा. त्याची जबाबदारी होती लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि हे गृहस्थ पूर्वी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षक होते. नक्षीकाम भाई राम सिंग यांचं. गाडीसह फेरी बोटीचं भाडं मात्र बहुधा हवेलीच्या तिकिटापेक्षा जास्त पडतं. म्हणून एका दिवसात परतू नका, मुक्काम करा आणि त्याच कार्डावर कॅरिसब्रुकचा किल्लाही बघा. तिथे विहिरीचं रहाट गाढवं फिरवून दाखवतात. त्या प्रात्यक्षिकाच्या वेळा दारातच विचारून घ्या, म्हणजे तटावर चढण्याच्या नादात ते चुकणार नाही.