घटस्फोटानंतर मुलगी माझ्यापाशी वडिलांची तक्रार करते आणि त्यांच्यापाशी माझी. ती खोटारडी होतेय का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी नऊ वर्षांची. वेगळं होऊन दीड वर्ष झालं. शनिवार-रविवार ती वडिलांकडे असते आणि परत आली की म्हणते, 'तिकडे कंटाळा येतो, मला नाही जायचं.' तुम्ही ते खरं धरून चालला होता. परवा फोनवरच्या वादात तिच्या वडिलांनी ऐकवलं की तिकडे ती सांगते, 'आई सारखी ओरडते, मला इथेच राहायचंय.' आता तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही दुतोंडी होतेय का? आणि एकदा समोर बसवून 'तुला नक्की कोणाकडे राहायचंय' हे विचारून टाकावं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नका विचारू. पहिल्याचं जरा लांब आहे, कारण ते पोर मी स्वतः होतो.

मी दहा वर्षांचा असताना माझे आईवडील वेगळे झाले. आज मी पंचेचाळिशीत आहे. दोघंही चांगली माणसं, एकमेकांना मानवली नाहीत एवढंच. पाच दिवस आईकडे, दोन दिवस बाबांकडे, तुमच्यासारखीच वाटणी. आणि दर रविवारी संध्याकाळी घरात शिरताना मी जकात भरायचो.

म्हणजे काय ते सांगतो. बाबांकडे दोन दिवस मजेत गेलेले असायचे. दार उघडून आई विचारायची, 'कसं झालं?' बस, एवढंच. आवाजही चांगला असायचा. पण ती कपड्यांच्या घड्या घालत असली, तर उत्तर येईपर्यंत तिचा हात थांबायचा. शर्टाची एक बाही आत, एक बाहेर. त्या अर्ध्या घडीकडे बघून मला कळायचं की 'खूप मजा आली' हा माल या नाक्यावरून आत जाणार नाही. मग मी म्हणायचो, 'ठीक होतं. बोअर झालं जरा.' दुसरी बाही आत जायची. घडी पूर्ण. मी सुटलो.

पुढच्या शनिवारी उलट्या दिशेने तोच नाका. बाबा विचारायचे, 'आई काय म्हणते?' मी म्हणायचो, 'ओरडत असते.' ते हसून माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. आई ओरडायची का? ओरडायची की. कोणाची आई ओरडत नाही? म्हणून हे मला कधी खोटं वाटलंच नाही. दोन्हीकडे जे थोडं थोडं खरं होतं, त्यातलं जिथे जे खपेल ते मी तिथे काढून ठेवत होतो.

मुलाच्या डोक्यातला हिशेब फार सरळ असतो. तिकडे हसलो म्हणजे इकडच्याशी फितूर झालो. मोठ्या माणसाला कळतं की माणूस दोघांवर जीव लावू शकतो. नऊ वर्षांच्या पोराने नुकतंच पाहिलेलं असतं की घरातली दोन मोठी माणसं एकमेकांवर प्रेम करायची थांबली आणि एक जण घरातून गेला. प्रेम थांबतं आणि मग माणसाला जावं लागतं, हे त्याला समजलेलं असतं. मग ते धोका कशाला पत्करेल? तुमची लेक तुम्हाला दर रविवारी सांगतेय की मी अजून तुझ्याच बाजूची आहे. तिकडेही तेच सांगतेय. तुम्ही आणि तिच्या वडिलांनी आपापल्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर आकडा सारखाच निघेल.

फोनचं तर विचारूच नका. आई खोलीत असताना बाबांचा फोन आला की माझा आवाज बसायचा. 'हो.' 'नाही.' 'बरं.' 'ठेवू?' बाबांची कित्येक वर्षं समजूत होती की आईने पोराला शिकवून ठेवलंय. आईने एक शब्द शिकवला नव्हता. ती फक्त त्याच खोलीत होती.

आणि निरोप. हे वाचताना हसू येईल, पण तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. आई सांगायची, 'बाबांना म्हणावं, या वेळी तरी वेळेवर आणून सोडा.' हे असं जसंच्या तसं बाबांना कसं सांगणार? मी सांगायचो, 'आई म्हणाली, सावकाश आलात तरी चालेल.' बाबा बिचारे सावकाश यायचे. मग दारात आईचा पारा चढलेला, बाबा चक्रावलेले, आणि मी बुटाची नाडी सोडायला खाली वाकलेला, ती सुटेचना. माझ्या या भाषांतरापायी त्यांची चार-पाच भांडणं तरी झाली असतील. त्यामुळे फीचा निरोप असो की वेळेचा, तुम्ही दोघं एकमेकांना थेट मेसेज करा. बोलायची इच्छा नसेल तर दोन ओळी टाका, पण मधे पोर नको.

मोठेपणी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातला १९९१ सालचा एक अमेरिकी अभ्यास डोक्यात राहिला. ब्यूकॅनन, मॅकोबी आणि डॉर्नबुश असे तिघे संशोधक. आईवडील वेगळे होऊन साडेचार वर्षं झाल्यावर त्यांनी १० ते १८ वर्षांच्या ५२२ मुलांच्या फोनवरून मुलाखती घेतल्या. त्यांना बघायचं होतं, की आईवडिलांच्या मधे अडकल्यासारखं मुलांना कितपत वाटतं. जिथे वैर धुमसत होतं तिथली मुलं जास्त अडकलेली निघाली, यात नवल नाही. पण ज्यांचं दोघांशीही जवळचं नातं होतं, ती कमी अडकलेली होती. मला वाटलं होतं उलटं असेल, दोघांवर जीव असलेलं पोरच जास्त फाटत असेल. दोन्ही घरी राहणाऱ्या मुलांचं तर टोकाचं होतं. आईवडील भांडत असले तर सगळ्यात जास्त ओढाताण यांचीच, आणि सांभाळून घेत असले तर सगळ्यात कमीही यांचीच. थोडक्यात, बॅग भरून इकडून तिकडे जाण्यात मुलाचं फारसं बिघडत नाही. दोन्ही दारांत त्याच्याकडे कसं बघितलं जातं, यावर सगळं आहे.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'तिच्यासाठी सहन करत राहायला हवं होतं का?' त्यावरही एक सांगतो. अमाटो आणि अफीफी यांनी २००६ मध्ये मोठ्या झालेल्या मुलांचा असाच अभ्यास मांडला. त्यात सर्वात जास्त अडकलेली मुलं निघाली ती कायम भांडत एकाच घरात राहिलेल्या जोडप्यांची. तेव्हा ते ओझं खाली ठेवा.

आता 'कोणाकडे राहायचंय' या प्रश्नाबद्दल. वेगळं होण्याच्या सुमारास एका नातेवाइकांनी भरल्या घरात मला विचारलं होतं, 'खरं सांग, तुझा जीव कोणावर जास्त?' गमतीने विचारलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, 'मला तहान लागलीय.' आत जाऊन एक ग्लास पाणी प्यायलो. बाहेर अजून शांतता होती म्हणून दुसरा प्यायलो. मग तिसरा. तो प्रश्न विचारणाऱ्याला आज आठवतही नसेल.

मुलांना काही विचारूच नये असं नाही. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहे. त्याच्या १२ व्या कलमात मुलाला आपलं मत मांडण्याचा हक्क दिलाय. ९ व्या कलमात आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांशी नियमित संबंध ठेवण्याचा हक्क आहे, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तोवर. हा हक्क मुलाचा आहे, आईचा किंवा बापाचा नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पण मत घेणं वेगळं आणि निवाडा करायला लावणं वेगळं. शुक्रवारी शाळेतून परस्पर जायचं की शनिवारी सकाळी, कुठली पुस्तकं तिकडे ठेवायची, रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस आहे तर काय करायचं, हे तिला जरूर विचारा आणि ती सांगेल तसं करा. घर निवडणं हे तुमचं दोघांचं किंवा न्यायालयाचं काम. तिथेही मुलाशी बोलायची वेळ आली तर बरेचदा न्यायाधीश आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात. का, ते तुम्हाला आता कळलंच असेल.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक तक्रार ही जकात नसते. मारहाण, व्यसन, नको तसा स्पर्श, घरात एकटं सोडून जाणं असं काही कानावर आलं, किंवा झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, जायच्या आदल्या दिवशी पोटात दुखायला लागलं, तर 'दोघांकडे असंच बोलते' म्हणून सोडून देऊ नका. माझ्या अनुभवात फरक असा, की जकातीचं वाक्य दारातच येतं, मोघम असतं, आणि बोलताना पोराचं लक्ष तुमच्या चेहऱ्यावर असतं. खरा त्रास बहुतेक वेळा कुणी विचारत नसताना बाहेर येतो, दिवे मालवल्यावर, एखाद्या बारीकशा तपशिलासकट. हा काही कायदा नव्हे. शंका आली तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या, आणि तो तुम्हा दोघांपैकी कोणाच्याही ओळखीतला नसेल तर उत्तम.

तुमच्यावर अन्याय होतोय, हेही मी जाणतो. अभ्यास, नखं, दात, ताप तुमच्या वाट्याला आणि सुट्टी त्यांच्या. त्यात वर तुम्हीच म्हणायचं की मजा करून ये. राग येणारच. तो मैत्रिणीपाशी, बहिणीपाशी, माझ्यासारख्या परक्यापाशी काढा. अगदी मनसोक्त.

आणि 'आम्हाला कळलंय तू दोघांना काय सांगतेस' असं तिला कृपा करून म्हणू नका. तिच्या दृष्टीने ती चोरी नव्हती, तुम्ही ती चोरी ठरवू नका. पहिला अर्धा तास काहीच विचारू नका. तिला शूज काढू द्या, बॅग टाकू द्या. तिने 'कंटाळा आला' म्हटलं तर 'हो का?' म्हणा आणि पुढचं बोला, त्या वाक्यावर तिला जास्तीचं प्रेम मिळू देऊ नका. आणि एखाद्या मंगळवारी, काहीही निमित्त नसताना, सहज म्हणा की तुझं हे हसणं अगदी बाबांसारखं आहे, छान दिसतं. एकदा म्हणून ती विश्वास ठेवणार नाही. पाचव्या-सहाव्या वेळी कदाचित ठेवेल. जमलं तर हे उत्तर तिच्या वडिलांनाही पाठवा, त्यांच्याही दारात नाका आहेच.

माझ्या बाबतीत हे झालं नाही. सायकल चालवायला मला बाबांनी शिकवलं, दोन शनिवार-रविवारांत. मी आईला सांगितलं नाही. महिन्याभराने आई एका संध्याकाळी कुणाची तरी सायकल घेऊन आली आणि म्हणाली, 'चल, तुला शिकवते.' तिचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसलो. ती सीट धरून मागून धावत होती आणि मी हँडल मुद्दाम डगमगवत होतो. खरं वाटावं म्हणून एकदा पडलोसुद्धा, गुडघा चांगलाच सोलवटला. तिसऱ्या दिवशी मी 'शिकलो'. आईने टाळ्या वाजवल्या.

तिशी उलटल्यावर एकदा मी तिला हे कबूल केलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, 'मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बसायच्या आधी तू पायाच्या बोटाने पॅडल मागे फिरवून बरोबर वर आणलंस. नवखं पोर असं करत नाही.'

'मग बोलली का नाहीस?'

'बाबांनी छान शिकवलंय, एवढंच म्हणायचं होतं,' ती म्हणाली. 'तीन दिवस धावले तुझ्या मागे. तोंडातून निघालं नाही.'