यू-टर्न घेताना गाडी बंद पडते किंवा आत कलते: क्लच, रेस आणि मागच्या ब्रेकचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोटारसायकल नुकतीच शिकताय, सरळ रस्त्यावर काही अडचण नाही, पण यू-टर्न किंवा अरुंद वळण आलं की एकतर गाडी बंद पडते, नाहीतर आतल्या बाजूला कलते आणि पाय टेकवावा लागतो. अशा वेळी क्लच पूर्ण दाबून वळायचं की पूर्ण सोडून, आणि ब्रेक कुठला लावायचा?

क्लच पूर्ण दाबूनही नाही आणि पूर्ण सोडूनही नाही. हाफ क्लचवर वळायचं, रेस एकाच जागी धरून ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. पण हे का, ते एकदा समजून घ्या. कारण कळलं नाही तर घाबरल्यावर हात पुन्हा जुनंच करतात.

वळणात गाडी कलते आणि तरी पडत नाही, कारण वेगामुळे तो कल तोलला जातो. समजा तुम्ही ३ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १० किमी वेगाने आहात. त्या वेगाला साधारण १५ अंशांचा कल लागतो. आता तुम्ही घाबरून क्लच पूर्ण दाबला, चाकाला मिळणारी ओढ गेली आणि वेग ताशी ५ किमीवर आला. त्या वेगाला फक्त ४ अंशांचा कल तोलता येतो, आणि गाडी तर १५ अंशांत आहे. मधल्या ११ अंशांना कुणाचाच आधार नाही, म्हणून ती आतल्या बाजूला पडायला लागते. वेग निम्मा झाला की आधार निम्मा नाही, पावपट उरतो. गाडी "अचानक जड झाली" असं वाटतं ते यामुळेच. इंजिन बंद पडलं तर याहून वाईट, कारण क्लच थोडाही सुटलेला असेल तर बंद इंजिन मागच्या चाकाला ब्रेकसारखं धरतं.

यातूनच उपायही निघतो. गाडी आत पडतेय असं वाटलं तर क्लच किंचित, अगदी दोन-तीन मिलिमीटर, सोडा. ओढ वाढते, वेग वाढतो आणि गाडी आपोआप उभी होते. नवशिक्याचा हात नेमकं उलट करतो, म्हणजे क्लच आवळतो. माझ्या मते हळू वेगाच्या सगळ्या सरावाचा अर्धा उद्देश ही एक सवय मोडणं हाच आहे.

आता हाफ क्लच म्हणजे नक्की काय ते पाहू. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या प्लेट आणि स्टीलच्या प्लेट एकाआड एक बसवलेल्या असतात, आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर दाबली की तो दाब सुटतो. लिव्हर सोडताना एक जागा येते जिथे प्लेट एकमेकींवर घासत थोडीच ताकद पुढे देतात: इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो आणि गाडी पुढे सरकू बघते. तिथून पूर्ण पकड येईपर्यंतचं अंतर लिव्हरच्या टोकाशी मोजलं तर बहुतेक गाड्यांत एक-दीड सेंटीमीटरच असतं. तुमचं सगळं काम या एक-दीड सेंटीमीटरात आहे. लिव्हर पूर्ण आत-बाहेर करत राहिलात तर या पट्ट्यातून प्रत्येक वेळी झर्रकन निघून जाल, आणि गाडी गचके खाईल.

क्लच घासल्याने जळेल ही भीती बऱ्याच जणांना असते. ऑइलमधला क्लच वळणापुरत्या पाच-दहा सेकंदांच्या घासण्याने खराब होत नाही, कारण ऑइल ती उष्णता वाहून नेतं. तो जळतो तो जास्त रेस देऊन मिनिटामिनिटांनी घासत ठेवल्याने, किंवा चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरल्याने. सराव करताना जळकट वास आला, किंवा पकडीची जागा लिव्हरवर सरकल्यासारखी वाटली, तर थांबा आणि इंजिन दहा मिनिटं थंड होऊ द्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: ऑइल मोटारसायकलचंच हवं, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA / MA2, मोटारसायकल ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि त्यांनी हाच क्लच घसरायला लागतो. काही मोजक्या गाड्यांचा क्लच कोरडा असतो. तिथे हाफ क्लच कमीत कमी वापरायचा.

रेस किती? आरपीएम काटा असेल तर साधारण २००० ते २५००. काटा नसेल तर आवाजावर जा: आयडलपेक्षा, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असतानाच्या आवाजापेक्षा, स्पष्ट चढलेला, पण ओरडणारा नाही. वळणात शिरण्याआधी रेस इथे आणा आणि वळण संपेपर्यंत मनगट हलवू नका. कमी-जास्त जे करायचं ते क्लचने आणि मागच्या ब्रेकने. पहिल्या गिअरमध्ये रेस किंचित हलली तरी मागच्या चाकापर्यंत ती मोठा झटका होऊन पोहोचते. क्लच मात्र तीच ताकद हळूच सोडतो.

मागचा ब्रेक इथे थांबण्यासाठी नसतो. तो इंजिनाच्या ओढीविरुद्ध हलकासा लावून ठेवायचा. त्याने दोन गोष्टी होतात. चेन सतत ताणलेली राहते, त्यामुळे ढिली-ताठ होण्याचे झटके बंद होतात. आणि वेग कमी करायला ओढ तोडावी लागत नाही, पायाचा दाब थोडा वाढवला की पुरतं. पाय पेडलवर ठेवून बोटांनी दाबा, टाच फूटरेस्टवरच राहू द्या. काही गाड्यांत मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तुमची गाडी तशी असेल तर दाब आणखी हलका ठेवा, आणि आधी सरळ रेषेत चालवून तो किती चावतो ते बघून घ्या.

पुढच्या ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे: हँडल वळलेलं असताना आणि वेग चालण्याइतका असताना त्यावरून बोटं उचलून ठेवा. पुढचा ब्रेक लागला की वजन पुढे येतं, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) खाली बसतो, हँडल आणखी आत वळू बघतं आणि वेग एका क्षणात शून्यावर येतो. पडण्याच्या सगळ्या गोष्टी एकत्र होतात. थांबायचंच असेल तर आधी हँडल सरळ करा, मग ब्रेक. बोटं लिव्हरवर ठेवायची सवय रहदारीत चांगलीच आहे. फक्त यू-टर्नपुरती ती चार बोटं मुठीवर घ्या.

नजर हा भाग सगळे सांगतात, पण अर्धवट सांगतात. "लांब बघा" एवढं पुरत नाही. यू-टर्नमध्ये हनुवटी खांद्याच्या रेषेपर्यंत वळली पाहिजे, आणि नजर जिथून बाहेर पडायचं तिथे, म्हणजे सुरुवातीला जवळजवळ मागे. पुढच्या चाकाकडे बघाल तर हात चाकाच्या चुका दुरुस्त करत बसतात आणि वळण तुकड्यातुकड्यांत होतं. समोरच्या भिंतीकडे किंवा खड्ड्याकडे बघाल तर गाडी तिकडेच जाईल.

अंग कुठे ठेवायचं? हायवेवर जसं गाडीबरोबर आत झुकतात तसं इथे नाही. गाडी आत झुकू द्या आणि तुम्ही सरळ राहा, किंबहुना किंचित बाहेर. बाहेरच्या फूटरेस्टवर जोर द्या आणि बैठक दोन-तीन इंच बाहेर सरकवा. तुमचं वजन बाहेर गेलं की गाडी जास्त कलूनही तोल राहतो, आणि गाडी जास्त कलली की त्याच हँडलात वळण आणखी लहान होतं. गुडघे टाकीला चिकटलेले, कोपरं सैल. हात ताठ धरले तर हँडल टोकापर्यंत वळणारच नाही. दोन्ही पाय फूटरेस्टवर हवेत. आतला पाय खाली लोंबता ठेवायचा सल्ला काही जण देतात, मला तो पटत नाही. तोलाचं वजन चुकीच्या बाजूला जातं, आणि चालत्या गाडीत तो पाय जमिनीत अडकला तर घोटा मुरगळतो.

आणखी एक गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते. उजवं आणि डावं वळण हातांसाठी सारखं नसतं. उजवीकडे हँडल पूर्ण वळवलं की क्लचचा हात शरीरापासून लांब जातो, बोटं ताणली जातात आणि नेमका हाफ क्लच हातून सुटतो. डावीकडे वळलं की उजवा हात लांब जातो आणि मूठ नकळत फिरून रेस वाढते किंवा कमी होते. उपाय एकच: सीटवर पुढे, टाकीजवळ बसा आणि वरचं अंग बाहेरच्या हाताबरोबर पुढे जाऊ द्या. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. तीच जास्त घोटा.

सरावाआधी गाडी दहा मिनिटं तपासा, कारण निम्मा दोष कधी कधी गाडीचाच असतो. क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळा प्ले असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. प्ले अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा घसरत राहतो, आणि फार असेल तर दाबूनही पूर्ण सुटत नाही आणि गाडी पुढे रेटते. चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांत मधोमध वर-खाली २० ते ३० मिमीच्या आसपास सांगितलेला असतो. त्याहून ढिली चेन हळू वेगात गचके देते आणि दोष तुमच्या हाताला लागतो. पुढच्या टायरात हवा कमी असेल तर हँडल जड होतं आणि स्वतःहून आत पडतं. हँडल हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा: मध्ये खाच लागल्यासारखं अडकत असेल तर बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खराब आहे, आणि अशा गाडीवर हळू तोल कुणालाही जमणार नाही. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आवाज वाढला तर रेसची केबल ओढली जातेय. ती आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर ऐन वळणात गाडी उडी मारेल.

सराव रिकाम्या, सपाट, डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेत करा. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घाला. सुरुवात जागेवरच: पहिला गिअर, रेस अजिबात नाही, दोन्ही पाय जमिनीवर. क्लच हळूहळू सोडत गाडी हातभर पुढे येऊ द्या, पुन्हा दाबा, पायाने मागे घ्या. वीस-तीस वेळा. लिव्हरवरची ती जागा न बघता सापडली पाहिजे. रेसशिवाय छोटं इंजिन बंद पडत असेल तर किंचित रेस द्या.

मग सरळ रेषेत कासवगती. २० मीटर अंतर मोजा आणि ते जितकं सावकाश कापता येईल तितकं कापा, पाय न टेकवता. सामान्य चालीने २० मीटरला १४-१५ सेकंद लागतात. तुम्हाला २० सेकंद लागायला लागले की हात तयार झाला असं समजा. घाई करून वर्तुळाकडे जाऊ नका. क्लच-रेस-ब्रेक हे त्रिकूट इथेच बसतं, वळणात फक्त नजर आणि कल वाढतो.

त्यानंतर वर्तुळ. खडूने किंवा बाटल्या ठेवून ६ मीटर त्रिज्येचं करा, दोन्ही दिशांना पाच-पाच फेऱ्या मारा, मग ५, मग ४. नजर कायम वर्तुळाच्या समोरच्या काठावर. ४ मीटर सहज जमलं की इंग्रजी आठचा आकडा करा. त्यात एका कलातून दुसऱ्या कलात जाताना क्लच न आवळता ओढ टिकवावी लागते, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं. यू-टर्न सगळ्यात शेवटी, आधी चालत्या गाडीतून, मग थांबलेल्या गाडीतून. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. त्यापुढे डावा पंजा थकतो, आणि थकलेला पंजा एकतर लिव्हर सोडून देतो, नाहीतर आवळतो.

रस्त्यावर करताना उताराचं भान ठेवा. बऱ्याच रस्त्यांना मध्ये उंची आणि दोन्ही कडांना उतार असतो. यू-टर्नचा पहिला अर्धा भाग किंचित चढ असतो, तिथे क्लच जरा जास्त सोडावा लागतो. दुसरा भाग उताराचा, तिथे गाडी पळते आणि वळण रुंदावतं, म्हणून मागच्या ब्रेकचा दाब थोडा वाढवा. खडी, वाळू, रंगवलेले ओले पट्टे आणि झाकणं यांवर कल कमी ठेवून मोठं वळण घ्या. जागा पुरत नसेल तर पाय टेकून मागे-पुढे करून वळवा, त्यात कमीपणा नाही. मागे माणूस बसवून यू-टर्न एकट्याने पक्का झाल्यावरच. मागचा माणूस ऐन वळणात हलला तर तुमचा सगळा तोल बदलतो.

आणि सरावात गाडी पडलीच तर पायाने अडवायचा प्रयत्न करू नका. एका मर्यादेपलीकडे १५० किलोचं वजन पाय तोलू शकत नाही, आणि तो पाय गाडीखाली जातो. सोडा आणि बाजूला व्हा. मग सगळ्यात आधी किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) दाबा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साईड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे ती पलीकडे कलंडणार नाही. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही. सीटला पाठ टेकवून बसा, एका हाताने खालच्या बाजूचं हँडल आणि दुसऱ्याने मागचा दांडा किंवा फ्रेम धरा, आणि पाठीने नाही तर पायांच्या जोराने छोटी पावलं मागे टाकत उभी करा. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या पडल्यावर सेन्सरमुळे बंद होतात. त्या चालू होईनात तर चावी एकदा बंद करून पुन्हा लावा. निघण्याआधी क्लच लिव्हर, ब्रेक पेडल आणि गिअरचं पेडल वाकलंय का ते बघा, आणि हँडल पुन्हा एकदा दोन्हीकडे पूर्ण फिरवून घ्या.