पेशीत पोचलं ते नेमकं काय?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री पाहिले. केंद्रकाभोवती गोळा झालेले हिरवे ठिपके, आणि खाली तुझं वाक्य : 'व्हेसिकल्सनी प्रथिन पेशीत पोचवलं.' जीवाणूच्या बाह्य आवरणातून सुटणाऱ्या या इवल्याशा पिशव्यांनी प्रथिन यजमान पेशीत नेलं, असा तुझा दावा. ठिपके सुरेख आलेत. पण त्या वाक्याला ते अजून पुरत नाहीत. का, तेच सांगायला बसले आहे.

तू रंगवलंस ते व्हेसिकलच्या आवरणातल्या मेदाला. प्रथिनाला नाही. शिवाय मेदाला चिकटणारे हे रंग स्वतःचेच बारीक गोळे करतात, सेंट्रिफ्यूजमध्ये व्हेसिकल्सबरोबर खाली बसतात आणि पेशीतही शिरतात. मी तुझ्या वयाची असताना असेच फोटो तीन महिने जमवले होते. मग एका सहकाऱ्याने विचारलं, नुसत्या बफरमध्ये रंग घालून हीच सगळी कृती केलीस का? केली. पेशी तशाच हिरव्या झाल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा कंट्रोल, म्हणजे व्हेसिकल्सशिवायची ही तुलनेची चाचणी, आधी कर.

आता पेलेटकडे ये. अल्ट्रासेंट्रिफ्यूजच्या नळीत तळाशी जो जेमतेम दिसणारा, काचेसारखा थर बसतो (फिरवण्याआधी नळीच्या बाहेरच्या बाजूला पेनाने खूण कर, नाहीतर तो हाताला लागायचा नाही), तो म्हणजे निव्वळ व्हेसिकल्स नव्हेत. तुटलेली फ्लॅजेला आणि पिली (जीवाणूच्या अंगावरचे तंतू), फुटलेल्या जीवाणूंचे तुकडे, प्रथिनांच्या गुठळ्या, सगळं त्यात असतं. म्हणून डेन्सिटी ग्रेडियंट, म्हणजे तळाशी दाट आणि वर विरळ होत जाणाऱ्या द्रावणात फिरवणं, टाळू नकोस. पेलेट तळाशी ठेवलं की व्हेसिकल्स वर चढून आपापल्या घनतेला थांबतात, गुठळ्या बहुतेक खालीच राहतात. तुझं प्रथिन बाह्य आवरणाच्या ओम्प-ए सारख्या प्रथिनाबरोबर त्याच फ्रॅक्शनमध्ये (नळीतून वेगळ्या काढलेल्या थरात) दिसलं, तर पुढे बोलता येईल.

पुढे म्हणजे प्रोटिनेज के, प्रथिनं पचवणारं एन्झाइम. तीन नळ्या : एक तशीच, एकीत फक्त एन्झाइम, एकीत एन्झाइम आणि डिटर्जंट. आवरण शाबूत असताना प्रथिन टिकलं आणि डिटर्जंटने आवरण फोडल्यावर पचलं, तर ते आत होतं. डिटर्जंटशिवायच पचलं, तर बाहेर. पण डिटर्जंट घालूनही पचलं नाही, तर ते प्रथिन मुळातच एन्झाइमला दाद देत नसेल आणि ही चाचणी तुझ्या कामाची नाही. हे नीट तपास.

बाहेर निघालं म्हणून खट्टू होऊ नकोस. अतिसार घडवणाऱ्या ई. कोलायचं हीट-लेबाइल टॉक्सिन (उष्णतेने निकामी होणारं विष) व्हेसिकलच्या आत असतं तसंच बाहेरही, लायपोपॉलिसॅकराइडला, म्हणजे बाह्य आवरणातल्या मेद-शर्करेच्या रेणूला, चिकटून. बाहेरचं टॉक्सिन पेशीवरच्या जीएम१ या मेदरेणूला धरतं आणि त्याच धाग्याने अख्खं व्हेसिकल आत ओढलं जातं. माल कुठे ठेवला आहे यावरच तो कसा उतरेल हे ठरतं.

आता यजमान पेशीची बाजू. लायपोपॉलिसॅकराइड एकटंच टीएलआर४ (जीवाणूची चाहूल घेणारं पेशीचं प्रथिन) जागं करून पेशीत गदारोळ माजवतं. तेव्हा पेशीने प्रतिसाद दिला म्हणून त्याचं श्रेय तुझ्या प्रथिनाला देऊ नकोस. त्या प्रथिनाचं जनुक काढलेल्या जीवाणूची व्हेसिकल्स शेजारी ठेव, आणि मात्रा समान करताना नुसतं प्रथिन मोजून थांबू नकोस, कणही मोज. जनुक काढल्यावर व्हेसिकल्सची संख्याच बदलली असेल, तर तुलना फसते.

आणि 'आत' म्हणजे कुठे? एंडोसोममध्ये (पेशीने आत ओढलेला माल ठेवायच्या पिशवीत) अडकलेलं प्रथिन सायटोसोलपर्यंत, म्हणजे पेशीतल्या मोकळ्या द्रवापर्यंत, पोचलेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही सारखेच ठिपके. प्रथिनाला बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम जोड आणि पेशीत सीसीएफ२ हा त्याने तुटणारा चमकणारा रंग भर : एन्झाइम सायटोसोलमध्ये उतरलं तरच हिरव्याचा निळा होतो. २००९ साली स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या सिफ प्रथिनावरचं काम आलं, ते मला म्हणूनच फार आवडतं. व्हेसिकल्स श्वासमार्गाच्या पेशींच्या लिपिड राफ्टशी (आवरणातल्या मेदाच्या घट्ट पट्ट्यांशी) एकजीव होतात आणि सिफ सायटोप्लाझममध्ये उतरतं, इथे ते संशोधक थांबले नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावरचं सीएफटीआर (क्लोराइड बाहेर सोडणारं प्रथिन) कमी होतं, हेही दाखवलं. पोचल्याचा पुरावा परिणामातून आला.

२० ते २५० नॅनोमीटरच्या या गोळ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तुला वाटत असेल. १९६७ साली चॅटर्जी आणि दास यांनी कॉलऱ्याच्या जीवाणूतून त्या सुटताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यानंतरही बरीच वर्षं अनेकांनी त्यांना पेशीचा कचरा मानलं. आज मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकोकस-बी जीवाणूवरच्या लसीत त्या वापरल्या जातात. कचरा नाही हे पटवायला ज्यांनी कंट्रोल केले, त्यांच्यामुळे तुझा विषय उभा आहे.

सोमवारी नुसत्या रंगाचा कंट्रोल लाव. तोच एक्सपोजर ठेव, फोटो काळाकुट्ट आला तरी मला पाठव. हिरवा आला तर फोन कर, कितीही वाजलेले असोत.