पुण्याहून लहान मुलं आणि सासू-सासरे घेऊन महाबळेश्वरला गाडीने जायचंय, पॉइंट सोडून शेती वगैरे बघता येते का? डिसेंबरअखेर जावं की फेब्रुवारीत?

येते की. आणि खरं सांगू का, पॉइंट सोडूनच बघा.

तुमच्यासारखीच आमचीही वरात होती गेल्या जानेवारीत. आम्ही दोघं, मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाचची, सासूबाई, सासरे आणि दिरांची मागून आणलेली सात सीटर. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो, सासूबाईंना आई. आप्पा नारायणगावच्या बाजूचे, उभा जन्म टोमॅटो आणि कांद्यात गेलाय, आता गुडघ्यांमुळे आमच्याकडे चिंचवडला असतात आणि बाल्कनीतल्या मिरचीच्या कुंडीला पाणी घालताना "ही काय शेती म्हणायची" असं पुटपुटत असतात. महाबळेश्वरचं नाव काढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "दरीच बघायची तर आपला नाणेघाट काय वाईट आहे?" आता यावर काय बोलणार. तेव्हाच ठरवलं की यांना दरी दाखवायचीच नाही, शेत दाखवायचं.

आधी रस्त्याचं सांगते. आम्ही सोमवारी सकाळी सहाला निघालो, मुलांची तीन दिवस शाळा बुडवली आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही, कारण शनिवार-रविवारी तिथे गेलात तर वेण्णा लेक ते बाजार हे अंतर गाडीपेक्षा चालत लवकर होतं. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. खंबाटकी घाट जाताना चढायचा असतो, बोगदा येताना लागतो, आणि घाटात ट्रक इतके रांगत असतात की ओव्हरटेकची घाई करण्यात काही अर्थ नाही, गप मागे राहायचं. सुरूर फाट्याला हायवे सोडला की वाई. वाईला थांबाच. ढोल्या गणपतीपाशी घाटाच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या माणसांना अर्धा तास पाय मोकळे करता येतात, कृष्णेचं पाणी असतं, मुलं दगड मारत बसतात. वेळ असेल तर तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा घाट आहे, आम्ही तो येतानासाठी ठेवला आणि येताना अर्थातच अंधार झाला. असो.

वाई सोडली की पसरणीचा घाट. बारा-तेरा किलोमीटर नुसती वळणं. धाकटीने तिसऱ्याच वळणावर नाश्ता बाहेर काढला, तोही सासूबाईंच्या शालीवर, त्यामुळे लहान मुलांना वाईत भरपेट खायला घालू नका, चढून गेल्यावर पाचगणीत घाला. गाडी बाजूला घेऊन शाल पुसेपर्यंत खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं आणि आप्पा कुणाकडेच न बघता म्हणाले, "इथनं खालचा ऊस काय झकास दिसतोय." त्यांचा मूड तिथून बदलला.

राहायचं कुठे म्हणाल तर माझं ऐका, महाबळेश्वरच्या बाजारात राहू नका. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधल्या गावांमध्ये बऱ्याच शेतकऱ्यांनी शेतातच खोल्या काढल्यात. आम्ही भिलारच्या बाजूला राहिलो. बुक करताना फक्त दोन गोष्टी फोनवर विचारून घ्या, कमोड आहे का आणि खोलीपर्यंत गाडी जाते का, बाकी सगळं जमतं. थंडीला मात्र हलक्यात घेऊ नका, साडेतेराशे मीटरच्या आसपासची उंची आहे, जानेवारीत कधीकधी वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरला हिमकणांचा फोटो येतो. आम्हाला हिमकण नाही मिळाले पण पहाटे नळाचं पाणी हातावर घेतल्यावर नवऱ्याच्या तोंडून जे निघालं ते मुलांनी पाठ केलंय.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठून बघते तर आप्पा खोलीत नाहीत. कानटोपी घालून, काठी टेकत ते थेट स्ट्रॉबेरीच्या प्लॉटमध्ये, आणि शेतकरीदादांना त्यांचा पहिला प्रश्न, "हा मल्चिंग पेपर किती मायक्रॉनचा?"

"पंचवीस," दादा म्हणाले, आणि मग वर बघून, "बाबा, तुमची पण शेती हाय जणू?"

झालं. पुढचा दीड तास ती दोघं आणि आम्ही मागे मागे. तांबडी माती, त्याचे उंच गादीवाफे, वर तो मल्चिंग पेपर म्हणजे प्लास्टिकचा कागद, कागदाखालून ठिबकची नळी, आणि कागदाला पाडलेल्या भोकातून वीतभर उंचीचं रोप. फळ त्या कागदावर लोळत असतं, म्हणजे मातीला टेकत नाही आणि सडत नाही. मोठ्याला वाटत होतं स्ट्रॉबेरीचं झाड असतं आंब्यासारखं. इतकं बुटकं रोप बघून तो अक्षरशः फसवल्यासारखा चेहरा करून उभा होता.

मला स्वतःला जे माहीतच नव्हतं ते म्हणजे ही रोपं दरवर्षी नवीन लावतात. परदेशातून मदर प्लांट येतात, कॅलिफोर्नियातून वगैरे, ती पावसाळ्याच्या तोंडाला नर्सरीत लावायची, त्यांना वेलासारखे धुमारे फुटतात, त्याला ते रनर म्हणतात, तो रनर मातीच्या पिशवीत टेकवला की मुळं धरतो आणि एका रोपाची कितीतरी रोपं होतात. इथे पाऊस वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्याही वर, त्यात काय टिकणार, म्हणून खरी लागवड पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि मग नोव्हेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडे. जाती पण चिकार, विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला. दादा नुसतं पान बघून जात सांगत होते, आम्हाला सगळी सारखीच दिसत होती. देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी ८५ टक्के याच पट्ट्यातली असं सांगतात, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बोर्डावर ते लिहिलेलं असतंच.

तोडणी बघायची असेल तर मात्र सकाळीच शेतात असायला हवं. बायका ऊन चढायच्या आत तोडतात, फळ गार असताना तोडलं तर टिकतं. धाकटीने पहिलीच स्ट्रॉबेरी पकडून ओढली तर फळाला बोटांचे खड्डे पडले आणि अर्धा देठ रोपावरच राहिला. मग तिथल्या एका मावशींनी तिचा हात हातात घेऊन दाखवलं. फळाला हातच लावायचा नाही, फळाच्या वरचा देठ अंगठ्याच्या नखात आणि बोटात धरायचा आणि नखाने चिमटायचा, टक् असा आवाज येतो. तो टक् आवाज पोरीला इतका आवडला की नंतर वेचणं राहिलं बाजूला आणि ती नुसतं टक् टक् करत सुटली, पांढरी फळंपण तोडायला लागली, शेवटी मी उचलून बाजूला घेतली. दादा काही बोलले नाहीत पण मला लाज वाटली, एकेक फळ म्हणजे पैसे आहेत हो त्यांचे. मुलांना नेलंत तर एवढं आधी समजावून ठेवा.

आणि इथे आप्पांनी एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर तुम्हाला खरेदीलाही उपयोगी पडेल. ते म्हणाले, टोमॅटो आम्ही रंग धरायला लागला की तोडतो, लांबच्या मार्केटला पोचेपर्यंत कॅरेटमध्येच लाल होतो, तुमचं तसंच का? दादा म्हणाले, "न्हाई बाबा, हिचं तसं नाय. तोडली की संपलं. मऊ पडंल, सडंल, पण गोड व्हायची न्हाई." म्हणजे देठाजवळ पांढरा असलेला बॉक्स "घरी जाऊन पिकेल" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ती पिकत नाही. बॉक्स उलटा करून खालची बाजू पण बघा. आम्हाला रस्त्यावर एकाने वर टपोरी आणि खाली गोटीएवढी चेंगरलेली भरून दिली होती, शेतातून घेतलेली मात्र खालपर्यंत एकसारखी निघाली.

शेतीचा विषय निघालाच आहे तर अजून एक. इंग्रजांनी इथे १८३४ च्या सुमारास कैद्यांसाठी तुरुंग काढला होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी होते, तो तीसेक वर्षं चालला. बटाटा आणि बाकीची विलायती भाजी इथल्या मातीत रुजवण्यात त्या कैद्यांचा मोठा हात होता. तिथला एक धबधबा अजून चायनामन फॉल म्हणून ओळखला जातो तो त्यांच्यावरूनच. पॉइंटना साहेबांची नावं मिळाली आणि मातीत हात घालणाऱ्यांना एवढा एक धबधबा, तोही जानेवारीत जवळजवळ आटलेला. मोठ्याला हे सांगितलं तर त्याचा प्रश्न, त्या कैद्यांनी काय केलं होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सासूबाईंचं काय, तर त्या भिलारमध्ये हरवल्या. म्हणजे खरंच शोधावं लागलं. भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, राज्य सरकारने मे २०१७ मध्ये सुरू केलेलं, वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून कल्पना घेतलेली. पण इथे विक्री नाही, लोकांच्या घरातच, ओसरीवर, देवळात पुस्तकांची कपाटं ठेवलीत आणि कुणीही आत जाऊन फुकट वाचत बसायचं. कुठल्या घरात कादंबऱ्या, कुठल्या घरात कविता, कुठे चरित्रं, बाहेर भिंतीवर चित्रं काढलेली. आम्ही मुलांना बालसाहित्याच्या घरात घेऊन गेलो आणि आई चरित्रांच्या घरात जाऊन बसल्या त्या दोन तास बसल्या. शोधत गेलो तर त्या घरच्या ताईंनी त्यांना चहा दिलेला, पायावर गोधडी, आणि आई म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, माझं अजून हिचं लग्न व्हायचंय." चरित्रातल्या बाईचं. तुमच्या सासूबाईंना वाचायची आवड असेल तर दुसरं काही दाखवू नका.

बाकीचं थोडक्यात. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ जरूर करा, पायऱ्या फार नाहीत, गोमुखातून पाणी पडतं आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांची नावं मुलांची तिथल्या तिथे पाठ होतात. वेण्णा लेकला घोडा, मक्याचं कणीस, बोट, एक तास पुरे. स्ट्रॉबेरी क्रीम एकदा खा, दुसऱ्यांदा महाग वाटतं. बाजारातून चणे, गुलकंद आणि मध घ्या. जवळच मांघर म्हणून गाव आहे, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं, आम्हाला जाता आलं नाही, पण पुढच्या वेळी आप्पांच्या यादीत ते पहिलं आहे. गाजर आणि घेवडा मात्र रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्या, आमच्या आईंनी इतकं घेतलं की बॅगा मांडीवर घेऊन बसावं लागलं. पाचगणी-महाबळेश्वरला शिरताना नाक्यावर माणशी कर घेतात, सुट्टे पैसे वर ठेवा.

येताना दोन चुका केल्या त्या तुम्ही करू नका. एक म्हणजे स्ट्रॉबेरीचे बॉक्स डिकीत बॅगांखाली गेले, वाईपर्यंत डिकीतून रस ठिबकायला लागला, आणि घरी पोचून रात्री अकराला मी आणि आई साखर घालून जॅम ढवळत बसलो. फळ धुवायचं नाही, पायाशी गार जागेत सपाट ठेवायचं, घरी गेल्यावर कागदावर एका थरात पसरून फ्रिजमध्ये, आणि खायच्या आधीच धुवायचं. दुसरी चूक नवऱ्याची. पसरणी घाट उतरताना सहा माणसं, वर गाजरं, आणि हा सारखा ब्रेकवर पाय देऊन. निम्म्यात जळका वास. मला वाटलं शेतात कुणी काही पेटवलंय, आप्पा मागून म्हणाले, "गाडी घे बाजूला, ट्रॅक्टरला पण असाच वास यायचा." वीस मिनिटं थांबलो आणि मग उरलेला घाट सेकंड गियरमध्ये उतरलो. ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा.

डिसेंबर की फेब्रुवारी विचारलंत तर फेब्रुवारी. डिसेंबरअखेर नाताळची गर्दी, खोल्यांचे भाव दुप्पट, आणि माल कमी म्हणून स्ट्रॉबेरी पण महाग. दादा आम्हाला तेच म्हणाले होते, फेब्रुवारीत या, तोडा जोरात असतो. ते आणि आप्पा आता आठवड्यातून एकदा फोनवर बोलतात, इकडे टोमॅटो काय भावाने गेला आणि तिकडे स्ट्रॉबेरी काय भावाने, त्यामुळे ही माहिती ताजी आहे असं समजा. मंगळवार-बुधवार पकडा. आणि गाडीत जुन्या पेपरांचा एक गठ्ठा टाका, स्ट्रॉबेरीखाली घालायला होतो आणि पसरणीच्या तिसऱ्या वळणावर पण लागतो.